आईचा हात बाजूने वर जायला सुरुवातच होत नाही, नक्की कुठला मसल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आई ६४ वर्षांची, दीड महिन्यापूर्वी अंगणात पाय घसरून उजव्या हातावर पडली, फ्रॅक्चर नाही निघालं पण तेव्हापासून दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर जात नाहीये. फिजिओ म्हणाले सुप्रास्पायनेटस नावाच्या खांद्याच्या मसलचं दुखणं आहे, व्यायाम दिलेत, पण तिथे इतकी गर्दी होती की नीट विचारायचं राहूनच गेलं. मला एवढंच कळत नाहीये, हात बाजूला उचलतो तो खांद्यावरचा गोल डेल्टॉइड ना? तो तर तिचा दाबून बघितला तर चांगला घट्ट होतो. नवल म्हणजे मी मनगट धरून वीतभर उचलून दिला की पुढे ती स्वतः नेते, नाहीतर नुसता खांदा कानाकडे चढतो आणि हात तिथेच. खाली आणताना मध्येच कळ येते ती वेगळीच. घरी व्यायाम मीच करून घेते, काही चुकायला नको म्हणून विचारतेय.

प्रतिसाद:
ताई, अगदी बरोबर पकडलंत. हात लोंबत असताना डेल्टॉइडची ओढ जवळजवळ दंडाच्या हाडाच्याच रेषेत असते, त्यामुळे तो हाड बाजूला न्यायच्या ऐवजी वरच खेचतो. सुप्रास्पायनेटस फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) वरच्या खोबणीतून येतो आणि दंडाच्या हाडाचं डोकं वाटीत दाबून धरतो, पहिल्या साधारण १५ अंशांना त्याची फार गरज लागते. पुढे डेल्टॉइडला कोन मिळतो, म्हणून तुमच्या वीतभर मदतीने काम होतं. पूर्ण १८० अंशांतले साधारण १२० खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० फरा फिरून, ते मानेपाठीवरचा ट्रॅपीझियस आणि बरगड्यांवरचा सेरेटस अँटेरियर हे मसल करतात. कानाकडे खांदा चढवतो तोही ट्रॅपीझियसच. उतरताना हेच मसल ताणले जात वजन पेलतात, त्यात ६० ते १२० अंशांच्या मध्ये सुप्रास्पायनेटसचा टेंडन (मसल हाडाला जोडणारा दोर) वरच्या हाडाखाली चिमटतो, कळ बहुतेक तिथलीच. जोर लावून ओढू मात्र नका, आणि हात सुरूच होत नाही हे फिजिओंना मुद्दाम सांगा, टेंडन फाटलेला असू शकतो, सोनोग्राफीत दिसतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दादा! आत्ताच आईला स्टुलावर बसवून फऱ्यावर तळहात ठेवून बघितलं, डावा हात बराच वर गेल्यावर फरा फिरतो, उजवीकडे मात्र हात हलायच्या आधीच वर सरकतोय. दोन्हीचा पाठीमागून व्हिडिओ काढून सोमवारी नेला तर त्यांना उपयोग होईल का?