अनुभव सांगा: जुन्या गाडीचे काटे खोटं बोलतात तेव्हा

घरची गाडी १९९५ ची. गेल्या महिन्यात रामटेकहून परतताना पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आणि गाडी कन्हानच्या पुलाअलीकडे बंद. टाकी कोरडी! बायको एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. मेकॅनिक म्हणतो, पूर्ण मीटरच बदला. त्याआधी विचारतो: तुमचे काटे कसे बिघडले, दोष निघाला कुठे? नुसता सल्ला नको, घडलेलं लिहा.

महालकर
माझंही अगदी हेच. मागची सीट उचलून टाकीवरच्या फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा भाग) वायर काढली, चावी ऑन केली. काटा रिकाम्यावर आला. मग तीच वायर टाकीपासून लांब नेऊन बॉडीला क्षणभर टेकवली, तर काटा चढत चढत फुल्लकडे. म्हणजे मीटर चांगलं, वायर चांगली, रोग टाकीत. (काही गाड्यांत काटा उलटा फिरतो, आधी माहीत करून घ्या. वायर धरून ठेवू नका, मीटर जळतं. आणि टाकी उघडी असताना हा प्रयोग अजिबात नको, एक ठिणगी पुरे.) युनिट बाहेर काढलं तेव्हा फ्लोटचा दांडा बिजागरीपाशी गंजून अर्ध्यावर अडकलेला. साफ केल्यावर मल्टिमीटर लावून दांडा सावकाश वरखाली केला, ओहम (रेझिस्टन्सचा आकडा) मध्येच न तुटता बदलत होते. खर्च फक्त नव्या वॉशरचा.

वर्धा रोडवाला
मे महिना, दुपार, सिग्नलला उभा. टेम्परेचरचा काटा लालमध्ये! बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर ना वाफ, ना वास. परत आत बसलो तेव्हा दिसलं, पेट्रोलचा काटाही फुल्लच्या वर. सकाळी तर २०० रुपयांचंच टाकलं होतं. दोन काटे एकदम मरत नसतात राजेहो! माझ्या गाडीत दोघांना मिळून एकच स्टॅबिलायझर, तो १२ व्होल्टचे साधारण १० करून देतो. त्याची अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी जोडणी) सुटली होती. मीटरमागचा एक स्क्रू आवळला, दोघेही ताळ्यावर.

निवृत्त मिस्त्री
वरचं बरोबर आहे भाऊ, पण उन्हाळ्यात काट्याले खोटं ठरवाच्या आधी पाणी पाहा. इंजिन थंड झाल्यावर, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. एक गिऱ्हाईक आलं, म्हणे काटा आधी वर गेला, मग आपोआप खाली आला, म्हणून चालवत राहिलो. काहून नाही येणार खाली? पाणीच संपलं, सेन्सर कोरडा पडला. इंजिनच्या हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं.

प्रतापनगरची ताई
चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागायचा बंद झाला. मला वाटलं, बरं झालं! चौथ्या दिवशी बॅटरी बसली. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) सुरुवातीचा करंट जातो. बल्ब उडालेला, म्हणून चार्जिंगच नाही.

महालकर
स्पीडोमीटरचा काटा ४० ला थरथरत असेल तर केबल. मुरगळलेली नसेल तर ग्रीसने भागतं.

धागाकर्ता
वायर टेकवून बघितली. काटा फुल्लवर गेला. मेकॅनिकला नको म्हणून कळवलं. टाकी रविवारी उघडतो, तोवर किलोमीटर लिहून पेट्रोल भरतोय. वही बायकोनंच काढून दिली, अजून न बोलता.