पूल हॉलमधील पैजेचा खेळ आणि हसलिंग: या दोहोंत नेमका फरक कोणता?

शरयू

माझा धाकटा भाऊ बरीच वर्षे पूल (काठीने पांढरा चेंडू मारून रंगीत चेंडू टेबलाच्या पॉकेटमध्ये टाकण्याचा खेळ) खेळतो आणि खरोखर चांगला खेळतो. अलीकडे तो स्पर्धांना जायचे टाळू लागला, म्हणून मी चौकशी केली, तेव्हा कळले की तो हॉलमध्ये येणाऱ्या अनोळखी किंवा नवख्या खेळाडूंशी पैसे लावून खेळतो. पहिले एक-दोन गेम मुद्दाम सोडतो आणि रक्कम वाढली की जिंकतो. मी त्याला जुगार सोडायला सांगितले, त्यावर त्याने अगदी शांतपणे उत्तर दिले की हा जुगार नव्हेच. जुगारात पुढे काय होणार हे ठाऊक नसते आणि त्याला तर आपण जिंकणार हे आधीच ठाऊक असते. हे उत्तर चुकीचे आहे असे मला मनापासून वाटते, परंतु ते कुठे चुकते हे मला त्याला पटवून देता आले नाही. पैज लावून खेळणे आणि हसलिंग करणे, म्हणजे आपला खरा दर्जा लपवून समोरच्याकडून पैसे काढणे, यांत खरोखर फरक आहे का, आणि असल्यास दोन्हींचे परिणाम काय होतात, हे या खेळातल्या जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. नुसत्या उपदेशाने तो ऐकणार नाही.

खडूचा_डाग

शरयूताई, तुमच्या भावाचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. तो जे करतो त्याला जुगार म्हणता येत नाही, कारण जुगारात निदान दोन्ही बाजूंनी धोका पत्करलेला असतो. येथे धोका एकाच्याच वाट्याला येतो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते. याला फसवणूक म्हणतात, आणि ती जुगाराहून हलकी गोष्ट नाही.

मी स्वतः बराच काळ पैजेचे डाव खेळलो आहे, म्हणून ते प्रामाणिकपणे कसे खेळले जातात हे सांगतो. दोन खेळाडू एकमेकांचा खेळ ओळखून असतात आणि पहिला ब्रेक, म्हणजे गेम सुरू करणारा फटका, होण्यापूर्वी हँडिकॅपवर, म्हणजे दुबळ्याला द्यायच्या सवलतीवर, घासाघीस होते. नऊ नंबरचा चेंडू टाकणारा जिंकतो अशा नाइन-बॉल या प्रकारात दुबळ्या खेळाडूला नवाबरोबर आठ नंबरचा चेंडू टाकूनही गेम जिंकण्याची मुभा दिली जाते, किंवा त्याला कमी गेम पुरेसे ठरवले जातात. ही घासाघीस कधीकधी प्रत्यक्ष खेळाहून अधिक रंगते, आणि ती रंगावीच, कारण सगळा न्याय तिच्यातच असतो. खेळाडूंचा दर्जा गुणांत मोजणाऱ्या फार्गो रेटिंग या पद्धतीचे उदाहरण घ्या. त्या पद्धतीनुसार दोघांच्या गुणांत १०० चा फरक असेल, तर वरचढ खेळाडू सरासरीने दर तीन गेमपैकी दोन जिंकतो. हा फरक ऐकायला फारसा वाटत नाही. परंतु आधी पाच गेम घेईल तो विजयी अशी सरळ लढत लावली, तर गणिताने वरचढ खेळाडू ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतो. दुबळ्याला तीनच गेम पुरेसे ठरवले, तरी वरचढ खेळाडूची शक्यता सुमारे ५७ टक्के उरते, आणि दोनच पुरेसे ठरवले तर मात्र ती ३५ टक्क्यांवर घसरते. म्हणजे समोरच्याला दोन गेमची सूट देऊन उदार दिसणारा माणूसही फायद्यातच असतो, आणि हे ताडण्यासाठी समोरच्याला त्याचा खरा दर्जा माहीत असावा लागतो. हसलर नेमकी तीच माहिती लपवतो. घासाघीस होते, सूट ठरते, हात मिळवले जातात, पण ज्या आकड्यावर हे सगळे उभे असते तो आकडाच खोटा असतो.

हातचे राखून खेळणाऱ्याला ओळखायचे असेल, तर रंगीत चेंडू सोडून पांढऱ्या चेंडूवर नजर ठेवावी. कच्चा खेळाडू चुकतो तेव्हा त्याचा पांढरा चेंडूही भरकटतो, कारण त्याच्या हातातच नेमकेपणा नसतो. हसलर चुकतो तेव्हा रंगीत चेंडू पॉकेटच्या तोंडाशी अडकतो आणि पांढरा चेंडू मात्र कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटून, प्रतिस्पर्ध्याला अवघड जाईल अशा ठिकाणी थांबतो. बघणाऱ्याला तो दुर्दैवी वाटतो. तो जिंकतो तेही शेवटच्या गेमवर, अगदी थोडक्यात, म्हणजे हरलेल्याला आणखी एक डाव खेळण्याची आशा वाटत राहते. तुमच्या भावाने सुरुवातीला सोडलेले गेम हे त्याच कामाचे भांडवल आहे.

जुना_क्यू

वरच्या प्रतिसादातला फरक मला मान्य आहे, परंतु या खेळाच्या इतिहासात ती रेषा इतकी स्वच्छ कधीच नव्हती, हेही सांगितले पाहिजे. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस हे सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंत गणले जातात. ते १९८५ साली अमेरिकेत गेले तेव्हा ‘सीझर मोरालेस’ या नावाने खेळले आणि ह्यूस्टनमधील एक नाइन-बॉल स्पर्धा जिंकले, कारण त्यांच्या खऱ्या नावाची कीर्ती त्यांच्याआधीच तेथे पोहोचली होती आणि ते नाव कळले असते तर पैजेला कोणी उभे राहिले नसते. ही गोष्ट पूलप्रेमी आजही कौतुकाने सांगतात. समोरच्या बाजूने पाहिले, तर तीही खरा दर्जा लपवण्याचीच गोष्ट आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील जॉन्स्टन सिटी हे छोटे गाव. तेथे जॉर्ज आणि पॉली जान्स्को या बंधूंनी १९६१ पासून स्पर्धा भरवल्या आणि देशभरातले नामांकित पैजेचे खेळाडू तेथे जमू लागले. दिवसा स्पर्धा होत असे आणि रात्रभर पैजा चालत. ते सगळे एकमेकांना पुरते ओळखून असल्यामुळे तेथे कोणाला बकरा करणे जवळजवळ अशक्य होते, आणि म्हणून तो उघड, जाणता जुगार होता. १९७२ मध्ये केंद्रीय यंत्रणेच्या छाप्यानंतर तो मेळावा संपला. कायद्याने तो खेळ थांबवला, परंतु माझ्या मते कोपऱ्यातल्या टेबलावर एखाद्या पोराला गंडवणाऱ्या एकट्या हसलरपेक्षा ती मंडळी अधिक सरळ होती.

आता परिणामांकडे येतो. अमेरिकी खेळाडू विली मोस्कोनी यांनी १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा स्ट्रेट पूल या प्रकाराचे जगज्जेतेपद मिळवले आणि १९५४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात सलग ५२६ चेंडू टाकले. हसलरांमुळे हा खेळ लोकांच्या नजरेत उतरतो, याची त्यांना आयुष्यभर चीड होती. १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांचा ‘मिनेसोटा फॅट्स’ या नावाने वावरणारे प्रसिद्ध हसलर रुडॉल्फ वाँडेरोन यांच्याशी सामना झाला. मोस्कोनी जिंकले, पण प्रेक्षकांचे मन फॅट्स यांच्या बडबडीनेच जिंकले. ज्याने आयुष्यभर उजळ माथ्याने खेळ केला, त्याच्यापेक्षा हसलरच्या कहाण्या लोकांना अधिक आवडाव्यात, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्या कहाण्यांत हरलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही.

नदीकाठ

मी व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे केवळ त्या बाजूने लिहिते. जुगाराचे व्यसन ही आज मान्य वैद्यकीय अवस्था आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात तिला दारू व अमली पदार्थांच्या विकारांसोबतच स्थान दिले. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे हे तिचे एक प्रमुख लक्षण मानले जाते. कौशल्याच्या खेळात हे लक्षण अधिक चोरपावलांनी येते, कारण सोडतीत हरलेला माणूस नशिबाला बोल लावतो, तर पूलमध्ये हरलेला माणूस एका चुकलेल्या फटक्याला बोल लावतो. तो फटका पुढच्या वेळी आपण नक्की मारू, असे त्याला अगदी खरेपणाने वाटते. हसलर हीच भावना जोपासून तिच्यावर जगतो, म्हणून हसलिंग हे दुसऱ्याच्या व्यसनाला खतपाणी घालणे आहे, असे मी म्हणेन.

ज्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटते, त्या हसलरबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण शरयूताईंची काळजी मुख्यतः त्याच्याबद्दलच आहे. अशा कमाईची कोणतीही नोंद नसते, ती कोणाला सांगता येत नाही, आणि ती सहज हाती आल्यासारखी वाटत असल्यामुळे पत्त्यांत किंवा शर्यतींवर तितक्याच सहज उडवली जाते. जो टेबलावर कधीच जुगार खेळत नाही असे म्हणतो, तो टेबलाबाहेर पुष्कळदा जुगारीच निघतो. दुसरे म्हणजे ओळखीच्या ठिकाणी सावज संपते, मग गाव बदलावे लागते आणि मोठी रक्कम लावायला पैसे पुरवणारा धनी लागतो. तो धनी जिंकलेल्या रकमेतला मोठा वाटा घेतो. कालांतराने त्या धन्यालाच फसवून, प्रतिस्पर्ध्याशी संगनमत करून हरण्याचा मोह होतो, कारण मुद्दाम हरण्याची कला तर हाताला बसलेलीच असते. २०२३ मध्ये व्यावसायिक स्नूकरमध्ये निकाल ठरवून खेळल्याच्या आणि संबंधित नियमभंगांच्या प्रकरणात चीनच्या दहा खेळाडूंवर कारवाई झाली आणि त्यांपैकी दोघांवर आजन्म बंदी आली. ते हसलर होते असे मी म्हणत नाही, परंतु हरणे हा विकण्याजोगा माल आहे असे एकदा मनाने घेतले की वाट कोठवर जाते, हे त्यातून दिसते.

शरयू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘धोका एकाच्याच वाट्याला येतो’ हे वाक्य मी भावाला वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि नंतर म्हणाला की हॉलचे तर यात काहीच नुकसान होत नाही, उलट टेबल भाड्याने जाते. यावर कोणाला काही सांगता येईल का?

तिसरे_टेबल

मी एक छोटा पूल हॉल चालवतो, तेव्हा याचे उत्तर देणे माझेच काम आहे. ज्या संध्याकाळी मोठा डाव चालतो, त्या संध्याकाळी एक टेबल उशिरापर्यंत भाड्याने जाते हे खरे आहे. परंतु जो नवखा मुलगा दोनदा पैसे गमावून जातो, तो पुन्हा येत नाही आणि आपल्या मित्रांनाही येऊ देत नाही. जे नियमित येतात ते अनोळखी माणसाशी खेळायला कचरू लागतात, त्यामुळे नवे कोणी मिसळत नाही. त्यानंतर हँडिकॅपची लीग चालवणे अशक्य होते, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या दर्जाविषयी संशय येऊ लागतो, आणि सूट मिळावी म्हणून चांगले खेळाडूही मुद्दाम खराब खेळून आपला दर्जा खाली ठेवू लागतात. भांडणे होतात ती याच कारणाने. दोन ओळखीचे खेळाडू ठरलेल्या रकमेवर खेळले, तर कोणीही हरो, एकमेकांना चहा पाजून घरी जातात. गंडवला गेलेला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन येतो. माझ्या हॉलमध्ये हातचे राखून खेळणारा दिसला, तर मी समोरच्याला त्याच्या देखत त्याचा खरा दर्जा सांगतो आणि तरीही खेळायचे असेल तर खुशाल खेळा म्हणतो. बहुतेक वेळा डाव तेथेच मोडतो.

तुमच्या भावाने स्पर्धा सोडण्याचे कारणही हेच आहे. स्पर्धेत किंवा रेटिंग असलेल्या लीगमध्ये खेळला, की त्याचा आकडा सर्वांसमोर येतो आणि त्याचे दुसरे उत्पन्न बंद पडते. तो खरोखर चांगला खेळतो असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून त्याने पुढच्या लीगमध्ये नाव नोंदवावे असे मी सुचवेन. तेथे निदान महिनाभर पूर्ण ताकदीने खेळावे, मिळालेले रेटिंग उघड सांगावे आणि त्यानंतरही पैज लावायची असेल, तर त्या आकड्यानुसार सूट देऊन लावावी. त्या अटीवर त्याच्याशी खेळायला अनेक जण आनंदाने उभे राहतील, आणि त्यांतले काही त्याला हरवतीलही.