क्यूईएमयू (आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) : चालू व्हीएममधून (आभासी कॉम्प्युटरमधून) डिस्क निघत नाहीये, अर्जंट

थकलेला_ॲडमिन :
डिव्हाइस_डेल (डिस्क काढायची कमांड) देतो, मॉनिटर (क्यूईएमयूची कमांड खिडकी) काही न बोलता परत येतो. इन्फो ब्लॉक (डिस्कची यादी) बघावं तर डिस्क जागेवरच. बॅकअपची डिस्क आहे, रोज रात्री काढून दुसरी लावायची असते. दोन दिवस हेच चाललंय. काय करू?

नानाकाका :
मशीन टाइप? व्हर्जन? गेस्ट (व्हीएममधली ओएस) कुठला? डिस्क माउंट आहे का?

थकलेला_ॲडमिन :
लिनक्सच, दुसरं काय असणार. अनमाउंट केलीय हो, तेवढं कळतं.

सॅमी_नाशिक :
डिस्क काढायची कशाला? एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरवर) बॅकअप घ्या. मी तेच करतो, काही कटकट नाही.

नानाकाका :
त्यांनी ते विचारलंय का? बरं, डिव्हाइस_डेल म्हणजे नुसती विनंती. गेस्टने डिस्क सोडली की डिव्हाइस_डिलीटेड इव्हेंट (क्यूईएमयूची सूचना) येतो, तोवर डिस्क गेली असं धरायचं नाही. आता मशीन टाइप सांगा.

बिट_बहाद्दर :
थेट पीसीआयई.0 वर (व्हीएमच्या मुख्य बसवर) लावली असणार. रूट पोर्ट (चालू मशीनमध्ये डिस्क लावता-काढता येते ती जागा) हवा. पैज.

नानाकाका :
तसं असतं तर मॉनिटरने तिथल्या तिथे एरर फेकला असता. गप्प बसला नसता.

बिट_बहाद्दर :
बरं बाबा, तुम्हालाच सगळं कळतं.

थकलेला_ॲडमिन :
मशीन टाइप क्यू35, डिस्क रूट पोर्टवरच आहे. होस्ट (खरं मशीन) उबुंटू 20.04, क्यूईएमयू 4.2. स्क्रिप्ट दर 2 सेकंदांनी डिव्हाइस_डेल देते, 10 वेळा.

नानाकाका :
अहो, हे आधी सांगायचं ना! तुमच्या 4.2 मध्ये क्यू35 वर ही विनंती म्हणजे स्लॉटचं (डिस्क बसते त्या खाचेचं) अटेन्शन बटण दाबणं. दाबल्यावर गेस्ट 5 सेकंद थांबतो, आणि तेवढ्यात बटण पुन्हा दाबलं गेलं तर काढणं रद्द. तुमची स्क्रिप्ट एकदा काढ म्हणते, 2 सेकंदांनी राहू दे म्हणते. 10 वेळा म्हणजे सम आकडा, शेवट 'राहू दे'वरच. 9 वेळा दिलं असतंत तर गेली असती! 5.0 पासून क्यूईएमयू अशी लगेच आलेली दुसरी विनंती घेत नाही, 4.2 मुकाट घेतं. गेस्टमध्ये डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) बघा.

मेघा_डेव्ह :
रॅम कमी करायची असेल तर बलून ड्रायव्हर बघा, डीआयएमएम (रॅमची पट्टी) काढायच्या फंदात पडू नका.

थकलेला_ॲडमिन :
'अटेन्शन बटन प्रेस्ड', खाली 'ॲक्शन कॅन्सल्ड ड्यू टू बटन प्रेस', परत 'प्रेस्ड'... पानभर तेच. आता एकदाच देऊन इव्हेंटची वाट बघतो. सहाव्या सेकंदाला गेली. नानाकाका, चहा माझ्याकडून. मेघाताई, रॅमचं कोणी विचारलं?

बिट_बहाद्दर :
तरी रूट पोर्ट एकदा तपासून घ्या.