मदत हवी आहे: ई-सिमवरचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेताना आधी काय करायचं?

नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलायची आहे. फोन आयफोन १३, अनलॉक्ड, म्हणजे कोणत्याही कंपनीचं सिम चालणारा. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसतं, म्हणजे फोन लॉक असल्याची शंका बाद. *#०६# डायल करून ईआयडी (ई-सिम चिपचा क्रमांक) आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टिपून ठेवलेत. जुन्या कंपनीची थकबाकी नाही.

सध्याचा नंबरही ई-सिमवरच आहे, प्लास्टिकचं कार्ड नाहीच. नव्या कंपनीचा क्यूआर कोड ईमेलवर आलाय, पण मुद्दाम स्कॅन केलेला नाही. हे कोड बहुतेक वेळा एकदाच चालतात. प्रोफाइल, म्हणजे फोनमध्ये उतरवलेलं ई-सिम, चुकून डिलीट झालं तर पुन्हा नवा कोड मागत बसा. दोन्हीकडच्या ग्राहक सेवेला विचारून झालं. एक म्हणते जुनं प्रोफाइल आधी काढा, दुसरी म्हणते त्याला हातही लावू नका. आता ऐकायचं कुणाचं?

बँकेचे ओटीपी याच नंबरवर येतात, त्यामुळे नंबर दिवसभर लटकलेला परवडणार नाही. घरी वायफाय आहे. या मॉडेलमध्ये दोन ई-सिम एकाच वेळी चालू राहतात, तेव्हा जागेचाही प्रश्न नाही.

ज्यांनी ई-सिमवरून ई-सिमवर नंबर पोर्ट केलाय त्यांनीच सांगा, ऐकीव नको: कोड आताच स्कॅन करून नवं प्रोफाइल नुसतं बंद ठेवता येतं, की जुन्याचं नेटवर्क गेल्यावरच स्कॅन करायचा? आणि नंतर आयमेसेज, फेसटाइम आपोआप सुरू होतात की बंद करून परत चालू करावे लागतात?