मदत हवी आहे: अलास्कातल्या दवाखान्याच्या जमिनीचं बिल पास होईल का? (बिऱ्हाड हलवायचा प्रश्न आहे)

मृण्मयी_सिॲटल

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण अमेरिकन काँग्रेसवर तावातावाने लिहिणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारते.

नवरा बांधकाम कंपनीत एस्टिमेटर आहे, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज काढतो. कंपनीला अलास्कात एका आदिवासी आरोग्य संस्थेचं काम मिळण्याच्या बेतात आहे. जुनं क्लिनिक पाडून नवीन बांधायचं आणि शेजारी बाहेरगावाहून येणाऱ्या पेशंटना राहायची सोय करायची. नावगाव मुद्दाम देत नाही. तिकडे माणसं मोजकी आहेत, कोण काय लिहितंय ते लगेच कळतं.

गोची जमिनीची आहे. ती इंडियन हेल्थ सर्व्हिसकडून (मूलनिवासींच्या आरोग्याचं फेडरल खातं) संस्थेला क्विटक्लेम डीडने, म्हणजे मालकीच्या हमीशिवायच्या कागदाने मिळाली आहे, अटींसकट. आता तीच जमीन वॉरंटी डीडने, म्हणजे मालकीच्या हमीसकट कायमची द्या, असं बिल हाऊसमध्ये (काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात) आलंय आणि सेनेटमध्ये त्याचं जुळं बिल आहे. हाऊसच्या कमिटीत सुनावणी झाली, त्यानंतर सगळं सामसूम.

कंपनी म्हणते, बिल पास झालं की काम सुरू, त्यामुळे तुम्ही उन्हाळ्यातच अँकरेजला या. मुलगी सातवीत जाईल आणि तिथल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडतात. इथल्या घराचं लीज जूनमध्ये संपतंय. एका साइटवर बिल कायदा होण्याची शक्यता एक आकडी टक्क्यांत दाखवली आहे, ते पाहून पोटात गोळाच आला. विरोध तर कोणाचाच दिसत नाही, मग अडलंय कुठे? आणि जमीन आधीच मिळालेली आहे तर या बिलाची गरज काय?

कट्टेकरी

सरकारी काम आणि सहा महिने थांब. तिकडेही तेच का? वाचून बरं वाटलं.

एक बाळबोध शंका. आदिवासींची जमीन मुळात सरकारकडे गेलीच कशी? त्यांची रिझर्व्हेशन्स असतात ना?

पोटोमॅककाठी

कट्टेकरी, अलास्काचं प्रकरण वेगळं आहे. 1971 च्या कायद्याने मूलनिवासींचे जमिनीवरचे दावे एकरकमी मिटवले. सुमारे 4.4 कोटी एकर जमीन आणि 96.25 कोटी डॉलर दिले, पण ते टोळ्यांना नाही, नव्याने काढलेल्या प्रादेशिक आणि गावपातळीच्या कॉर्पोरेशन्सना. रिझर्व्हेशन उरलं ते एकच, ॲनेट बेटावरचं मेटलाकाट्ला. दवाखान्यांच्या जागा फेडरल सरकारच्या होत्या, त्या तशाच राहिल्या. पुढे 1975 च्या स्वयंनिर्णय कायद्यामुळे दवाखाने चालवायचं काम टोळ्यांच्या संस्थांकडे येत गेलं. आज अलास्कात मूलनिवासींची आरोग्यसेवा जवळजवळ पूर्णपणे या संस्थाच चालवतात. डॉक्टर त्यांचे, कारभार त्यांचा, पण जमिनीच्या कागदावर वॉशिंग्टनचा हात.

मृण्मयी, आता तुमचं. ती टक्केवारी मनावर घेऊ नका. एका काँग्रेसमध्ये, म्हणजे तिच्या दोन वर्षांच्या मुदतीत, दहा हजारांहून जास्त बिलं येतात आणि कायदे होतात काही शे. बहुतेक बिलं मतदारांना दाखवण्यापुरतीच असतात. या गर्दीची सरासरी तुमच्या बिलाला लावून उपयोग नाही, त्याची जातकुळीच वेगळी आहे. त्याची भावंडं बघा:

कोट्झेब्यू गावच्या मॅनिलाक असोसिएशनचं बिल जानेवारी 2011 मध्ये आलं. सही झाली 14 जानेवारी 2013 ला. म्हणजे ती काँग्रेस संपल्यावर, राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावरच्या शेवटच्या गठ्ठ्यात.

अँकरेजमधली 2.79 एकर जागा अलास्का नेटिव्ह ट्रायबल हेल्थ कन्सॉर्शियमला देणारं बिल फेब्रुवारी 2013 मध्ये आलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा झाला. तिथेही पेशंटच्या निवासाचाच विषय होता.

2021 च्या सुरुवातीला डॉन यंग यांनी असंच बिल आणलं. ते 1973 पासून हाऊसमध्ये होते. मार्च 2022 मध्ये ते वारले आणि बिल त्यांच्याच नावाने 2022 च्या अखेरीस पास झालं.

तिन्हीत काय दिसतं? भांडण कुठेच नाही, आणि तरी एकाला दहा महिने लागले तर दुसऱ्याला दोन वर्षं. अशा बिलाला शत्रू नसतात, फक्त वेळ नसतो. हाऊसमध्ये ते नियम स्थगित करून घेतात. चाळीस मिनिटं चर्चा, दोन तृतीयांश मतं, झालं. सेनेटमध्ये सर्वसंमतीने काढायचं असतं आणि तिथे शंभरातला एक जण "थांबा" म्हणाला तरी अडतं. त्याचा राग या जमिनीवर असेलच असं नाही. दुसऱ्याच कुठल्या बिलावरून अलास्कावाल्यांना चिमटा काढायचा असतो.

तुमच्या बाजूने बरंच काही आहे. लिसा मुरकाउस्की स्वतः सेनेटच्या इंडियन अफेअर्स कमिटीच्या अध्यक्ष आहेत. हाऊसमधले अलास्काचे एकमेव सदस्य निक बेगिच नॅचरल रिसोर्सेस कमिटीत आहेत. सरकारी तिजोरीवर भार नगण्य. विरुद्ध बाजूला आहे ते कॅलेंडर. 119 वी काँग्रेस 3 जानेवारी 2027 ला संपते, त्या दिवशी अर्धवट राहिलेलं प्रत्येक बिल मरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नोव्हेंबरात निवडणूक आहे, म्हणजे ऑगस्ट सुट्टीत आणि ऑक्टोबर प्रचारात. माझा अंदाज विचाराल तर पास होण्याकडे कल, पण निवडणुकीनंतरच्या आवराआवरीत, कुठल्या तरी मोठ्या गाठोड्यात बांधून. जूनच्या आत? मला नाही वाटत.

सातबारा_पुणे

मी तिथला वकील नाही, इथलाच जमिनींची कामं करणारा. पण उत्सुकतेपोटी मॅनिलाकचा कायदा वाचून काढला. मोजून दोन-तीन पानं आहेत. आपल्याकडची भोगवटादार वर्ग 2 ची जमीन घ्या. ताबा तुमचा, पण विकायची, गहाण ठेवायची तर परवानगी हवी, आणि शर्तभंग झाला की सरकारजमा. क्विटक्लेमने मिळालेली जमीन साधारण अशी. दवाखान्याचा वापर बदलला तर ती परत घ्यायचा हक्क सरकारकडे राहतो. या बिलाने ती वर्ग 1 होते म्हणा. मोबदला नाही, अट नाही, परत घेण्याचा हक्क नाही, आणि आधीच्या क्विटक्लेमची जागा हीच डीड घेते.

बँकेच्या जागी बसून बघा. ज्या जमिनीवर सरकार उद्या हक्क सांगू शकतं तिच्यावर कोट्यवधी डॉलरचं कर्ज कोण देईल? तुमच्या कंपनीचं घोडं तिथेच अडलं असणार.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते प्रदूषणाचं कलम. जुन्या सरकारी दवाखान्यांच्या आवारात हीटिंग ऑइलच्या टाक्या पुरलेल्या असतात, वर्षानुवर्षं झिरपलेल्या. हस्तांतराच्या आधी जे जमिनीत मुरलं त्याची जबाबदारी संस्थेवर येणार नाही, असं हे कलम सांगतं, आणि सरकारला तपासणी व सफाईसाठी आत यायचा हक्क राखून ठेवतं. नवऱ्याला म्हणावं, एस्टिमेट करताना हा हक्क नकाशावर कुठून जातो ते बघ. नेमक्या पायाच्या जागी खोदकाम निघालं तर वेळापत्रक कोलमडेल.

मृण्मयी_सिॲटल

दोघांचे मनापासून आभार. वर्ग 2 म्हटल्यावर सासऱ्यांनाही फोनवर एका वाक्यात कळलं, नाहीतर गेला महिनाभर समजावत होते.

म्हणजे समजा डिसेंबरात सही झाली, तर जानेवारीत काम सुरू? की आणखी काही शेपूट आहे?

सौ_सॅल्मन

आम्ही बरीच वर्षं अँकरेजला आहोत. शेपूट आहे, आणि लांब आहे.

सही झाली म्हणून दुसऱ्या दिवशी डीड हातात येत नाही. खात्याने ती किती दिवसांत द्यायची याची मुदत बिलातच असते, ते वाक्य शोधून वाचा. मग पैसे. जमीन मिळाली म्हणजे इमारतीचे पैसे मिळाले असं नाही, ही बिलं एक डॉलरही देत नाहीत. संस्थेने स्वतः बांधायचं आणि इंडियन हेल्थ सर्व्हिसने निदान वीस वर्षं तिथल्या स्टाफचा खर्च उचलायचा, अशी एक संयुक्त योजना आहे, पण तिच्यात नंबर लागणं हे वेगळंच प्रकरण. तेव्हा नवऱ्याने कंपनीला पहिला प्रश्न विचारावा तो फंडिंगचा. बिलाचं नंतर.

आणि इथला हंगाम! जमीन गोठलेली असताना पाया खणत नाहीत. डिसेंबरात सही, वसंतात डीड, मग कर्ज, मग टेंडर. 2027 चा उन्हाळा पकडला तर नशीब, नाहीतर थेट 2028. या ऑगस्टला येऊन तुमचा नवरा करणार काय? आमच्याकडचा बराचसा बांधकामाचा माल तुमच्याच बाजूने, टॅकोमाहून जहाजाने येतो. एस्टिमेटरचं आत्ताचं काम सिॲटलला बसून उलट जास्त सोपं आहे, हे कंपनीला पटवता येईल.

यायचं ठरलंच तर घर बघताना गॅरेज गरम आहे का ते आधी विचारा. मराठी मंडळी थोडी आहेत, पण गणपती दणक्यात होतो.

मृण्मयी_सिॲटल

गॅरेजचं लक्षात ठेवते :) फंडिंगचं आत्ताच नवऱ्याला विचारलं. तो गप्प झाला, म्हणजे त्यानेही विचारलेलं नाही. लीज महिन्या-महिन्याने वाढवून मिळतं का ते घरमालकाला विचारलंय, भाडं थोडं चढेल. दरम्यान बिल हललं की नाही हे रोज बघत बसायचं का? नेमकं काय दिसलं की सामान बांधायला घ्यायचं?

पोटोमॅककाठी

रोज नको. काँग्रेसच्या साइटवर बिलाच्या पानावर ईमेल अलर्ट लावता येतो, तो लावा आणि विसरा. कमिटीने बिल पुढे पाठवलं असं आलं तर चांगलं, पण तेवढ्याने हलू नका, तिथपर्यंत पोचून मेलेली पुष्कळ आहेत. हाऊसने पास केलं तरी अर्धाच रस्ता. सेनेटने हाऊसचंच बिल जसंच्या तसं पास केलं, एक शब्दही न बदलता, की मग खोके आणा. शब्द बदलला तर ते परत हाऊसकडे जाणार.

जुळ्या बिलाचाही वेगळा अलर्ट लावा. कोणतं आधी सुटेल सांगता येत नाही.