मदत हवी आहे: पाण्यावरचा पालक पिवळा पडतोय, विज्ञान दिनाला २३ दिवस उरलेत

पाथर्डीफाटेकर (५ फेब्रुवारी, रात्री १०.१२)
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. २८ ला शाळेत विज्ञान दिनाचं प्रदर्शन, आणि हिने बाईंना परस्पर "मी हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर रोपं) करणार" असं सांगून टाकलंय. सहा रोपं लावली, सहाही पिवळी पडतायत. खत दिलंय, पाणी रोज बघतो. इथले जुने धागे वाचले, त्यात सगळे पाइप आणि पंप. तेवढा पसारा मला नकोय. घरात होईल आणि २८ च्या आत काहीतरी दिसेल असा प्रयोग सुचवा. ही सहा वाचणार असतील तर तेही सांगा. सामान आणायला मला फक्त रविवार मिळतो.

आनंदवलीकर (१०.३१)
कशात लावलीत? खत कोणतं, किती? नळाचं पाणी की बोअरचं? आणि नवी पानं पिवळी की जुनी? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

कुंडीकाकू (१०.४०)
अहो, मातीत लावा की! पालक तो, आठ दिवसांत तरारून येईल. मी वीस वर्षं गच्चीवर करतेय, गांडूळखत आणि ताक, बस्स. तरी पाण्यातच हवं असेल तर अर्धा कप जीवामृत घाला. रसायनं मुलांच्या हातात कशाला देता?

आनंदवलीकर (१०.४४)
काकू, साठलेल्या पाण्यात जीवामृत म्हणजे दोन दिवसांत गटार. त्यातलं नत्र (नायट्रोजन) झाडाला मिळायला आधी जिवाणूंनी ते कुजवावं लागतं. ते काम मातीत होतं, बाटलीत नुसता वास सुटतो. मी करून बसलोय, बायकोने बाटलीसकट मला बाहेर काढलं होतं.

पाथर्डीफाटेकर (१०.५८)
दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. वरचा भाग कापून उलटा बसवलाय, त्यात स्पंज आणि रोप. खत १९:१९:१९, नर्सरीवाल्याने दिलं, बाटलीला एक चमचा. पाणी सोसायटीचं. पानं पिवळी म्हणजे पिवळी, त्यात नवं-जुनं काय?

पाइपवाला (११.१५)
सरळ एनएफटी करा, म्हणजे पाइपातून खताचं पाणी सतत फिरवायचं. तीन इंची पीव्हीसी, सहा-सहा इंचांवर भोकं, थोडा उतार, खाली टाकी, फिशटँकचा पंप. एका रविवारचं काम. माझ्या गॅलरीत ४८ रोपं आहेत. फोटो टाकू का?

पाथर्डीफाटेकर (११.१७)
पाइप नको म्हटलंय वर.

निफाडचा बागवाला (६ फेब्रुवारी, पहाटे ५.५०)
भाऊ, नवं-जुनं यातच सगळं आहे. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र नाहीतर मॅग्नेशियम कमी, कारण झाड ते जुन्या पानातनं काढून शेंड्याला नेतं. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. लोह झाडाला हलवता येत नाही. आपल्याकडं चुनखडीच्या रानात द्राक्षाला हेच होतं. पान उजेडाकडं धरून बघा आणि सांगा. माल काढणी चालू आहे, दुपारी बघतो.

पाथर्डीफाटेकर (सकाळी ८.०५)
बघितलं. वरची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या जाळीसारख्या. खालची दोन बरी आहेत. मुलगी म्हणते, हे तिने चार दिवसांपूर्वीच वहीत काढून ठेवलंय. मला दाखवलं नव्हतं. पाणी बोअरचं निघालं. आरओवाल्याच्या मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) ९०० च्या वर.

फळ्यावरचे सर (८.५०)
३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांबेल.

१९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे, म्हणजे नत्र १९ टक्के. एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. दोन लिटरला ५ ग्रॅम १९:१९:१९ घातलंत की लिटरला ४७५ मिलीग्रॅम नत्र झालं. होगलंडच्या द्रावणात, ज्यावर जगभरच्या प्रयोगशाळा रोपं वाढवतात, ते २१० असतं. म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय यातलं अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात आहे, ते पाण्यावरच्या रोपाला तसंच्या तसं फारसं उपयोगी नाही. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) तर विचारूच नका, होगलंडच्या साडेसहा पट! जास्तीचं स्फुरद लोहाला धरून खाली बसवतं. त्यात बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) चढा. लोह आणखी अडकतं. आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम या खतात नाहीच. बोअरमधून थोडं मिळालं असेल तेवढंच.

तुम्ही खत 'दिलंय', पण रोपाच्या बाजूने बघितलं तर ते उपाशी आहे.

लिंबूसरबत (९.२०)
सामू कमी करायला लिंबू पिळा. घरगुती आणि सेफ.

फळ्यावरचे सर (९.३१)
बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते आम्ल जिरवून टाकतं. शिवाय लिंबातलं आम्ल जिवाणू खातात. आज सहा, परवा पुन्हा आठ. आरओचं पाणी घ्या, वाद मिटला. आरओतून वाया जाणारं नव्हे, पिण्याचं.

कुंडीकाकू (९.४५)
प्यायच्या पाण्यावर पालक! गंगापूर धरण अर्ध्यावर आलं की तुम्हालाच आठवेल.

आनंदवलीकर (९.५२)
काकू, सहा बाटल्यांचं बारा लिटर होतं. तुमच्या गच्चीवरच्या नळीतून पाच मिनिटांत जातं ते.

कुंडीकाकू (९.५५)
माझ्या नळीचं तुम्हाला काय करायचंय?

निफाडचा बागवाला (दुपारी २.१०)
सर बरोबर बोलले. आता काम सांगतो. आमच्याकडं ड्रिपची खतं पोत्यानं असतात, तुम्ही कृषी सेवा केंद्रातनं किलोची पुडी घ्या. १० लिटर आरओ पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:०:४५ चार ग्रॅम, ०:५२:३४ दीड ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम, आणि चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट (लोह, जस्त वगैरे) पुडीवर लिहिलंय तेवढं. बाळरोपांना याच्या निम्मं. प्रत्येक खत वेगळ्या पेल्यात विरघळवून मग १० लिटरमध्ये ओतायचं. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट एकाच पेल्यात घातलं की पांढरा गाळ बसतो, तो जिप्समचा. तो झाडाच्या कामाचा नाही. पुढं बोअरचंच पाणी वापरायची पाळी आली तर लोह ईडीडीएचए प्रकारचं घ्या, चढ्या सामूला तेच टिकतं.

पण एक कळत नाही. "पाणी रोज बघतो" म्हणजे काय करता?

पाथर्डीफाटेकर (२.३०)
कमी झालेलं असतं, म्हणून सकाळी काठोकाठ भरतो. त्याच खताच्या पाण्याने.

आनंदवलीकर (२.३४)
घ्या. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो. म्हणजे रोज खत वाढतंय आणि मुळं बुडतायत. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांची पद्धत वाचा. पंप नाही, काही नाही. पाणी उतरू द्यायचं. उतरलेल्या जागेत वरची मुळं हवा घेतात, खालची पाणी पितात.

पाइपवाला (३.००)
क्रॅट्की म्हणजे आळशी लोकांची पद्धत. एअरस्टोन (पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड) टाकल्याशिवाय आपल्या उन्हाळ्यात मुळं सडणारच.

आनंदवलीकर (३.०६)
फेब्रुवारी चालू आहे. निफाडला पहाटे स्वेटर घालून द्राक्षं काढतायत.

जुडीचा हिशेब (३.४०)
हे करून महिन्याला किती सुटतात? लेट्यूसला हॉटेलवाले चांगला भाव देतात म्हणे. आमच्याकडे कोथिंबिरीच्या जुडीला कधी काढणीचा खर्च निघत नाही. दीड एकरावर शेडनेट केलं तर अनुदान मिळेल का?

निफाडचा बागवाला (३.५५)
त्याचा वेगळा धागा काढा भाऊ. इथं पोरीच्या सहा बाटल्यांचं चाललंय.

फळ्यावरचे सर (सायंकाळी ६.१५)
पाथर्डीफाटेकर, पालक आता २८ पर्यंत सावरून सुंदर दिसेल ही आशा सोडा. मेथी घ्या, थंडीतसुद्धा चार-पाच दिवसांत उगवते. कोथिंबीर नको, तिला उगवायलाच दहा-बारा दिवस जातात. सहा बाटल्या आहेतच. दोनांना बाहेरून फॉइल (पाण्यात उजेड गेला की शेवाळ धरतं) आणि पाण्यावर बोटभर हवा मोकळी. दोन उघड्या पारदर्शक, हवा तेवढीच. दोनांना फॉइल, पण काठोकाठ भरलेल्या. बी, खत, खिडकी सगळं एकच. फॉइल लावण्याआधी मुलीला विचारा, कुठल्या बाटलीत काय होईल असं वाटतं, आणि ते वहीत लिहून घ्या. सुधारलेलं रोप बाजारातही मिळतं, तिचा अंदाज मिळत नाही.

पाथर्डीफाटेकर (८ फेब्रुवारी, रात्री ९.२०)
सामान आणलं. मेथी रात्रभर भिजवून स्पंजमध्ये पेरली. वजनकाटा सोन्याच्या दुकानातल्या मित्राचा. दीड ग्रॅम मोजताना घरातला पंखा बंद करावा लागला. खिडकी उत्तरेची आहे, ऊन थेट येत नाही, हे आधी सांगायचं राहिलं.

आनंदवलीकर (९.२६)
!!! ऊन किती, हे मी पाच तारखेलाच विचारायला हवं होतं. दिवसा तरी गॅलरीत ठेवा.

पाथर्डीफाटेकर (२२ फेब्रुवारी, दुपारी १.१५)
रिपोर्ट. बाटल्या गॅलरीत हलवल्या होत्या. मेथी सगळीकडे आली. पारदर्शक बाटल्यांच्या आतून हिरवा थर, हात लावला तर शेवाळासारखा बुळबुळीत, मुळंही हिरवट. फॉइलवाल्यांची मुळं पांढरी, लांब. इथवर सगळं तुम्ही म्हणालात तसं.

पण काठोकाठ भरलेल्या दोन्ही बाटल्या मजेत आहेत! मुळं पांढरीच, वास नाही, रोपं हवा ठेवलेल्यांपेक्षा एक बोटाने उंचच. मुलीने अंदाजात "कुजतील" लिहिलं होतं. ती रडकुंडीला आलीय, म्हणते प्रयोग चुकला. जुना पालक मात्र तिने टाकू दिला नाही, "आधी" अशी चिठ्ठी लावून शेजारी ठेवलाय.

पाइपवाला (१.३०)
म्हणजे क्रॅट्कीची हवेची थिअरी खोटी.

फळ्यावरचे सर (१.५८)
कुठून कुठे उडी! रोपं अजून चौदा दिवसांची आहेत, त्यांना प्राणवायू लागतो किती? आणि पाणी गार आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलीग्रॅम प्राणवायू मुरतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात गरम पाण्यात मुळांची भूकही वाढते. पालकाची मुळं कुजत असतील तर तिथे मोठी रोपं, दाट खत, सगळंच एकत्र होतं. तिला सांगा, "कुजतील" खोडू नकोस, शेजारी जे दिसलं ते लिही. आणि पाण्याचं तापमान सकाळ-दुपार मोजून तक्त्यात घाल. परीक्षक नेमकं तेच विचारतील.

पाथर्डीफाटेकर (२.१०)
सर, ताप बघायचा थर्मामीटर चालेल का? घरात तोच आहे.

निफाडचा बागवाला (२.४०)
तो ३५ च्या खाली काही दाखवत नाही भाऊ. शाळेच्या प्रयोगशाळेतला मागा. उद्या सोमवार आहे, बाईंना सकाळीच गाठा.