गावचा ग्रुप : रविवारचे चौदा वर्षांखालचे फुटबॉल सामने आणि रेफ्रींचे प्रश्न

पीटी सर: रविवारी झेडपी शाळेच्या मैदानावर चार सामने आहेत. शिट्टीवर पहिल्यांदाच उभे राहणारे तिघं याच ग्रुपवर आहेत. जे विचारायचं ते आत्ता विचारा, मैदानावर चर्चासत्र नको.

बंटी: सर, सगळ्यात आधी हॅन्ड. चेंडू हाताले लागला की पोट्टे आन् त्यायचे बाप संगच वरडतात. वाजवाची का नाही?

पीटी सर: वरडण्यावर नाही वाजवायची. दोनच गोष्टी पाहा. मुद्दाम हात चेंडूकडे नेला का? किंवा त्या हालचालीत हात तिथं असायचं काही कारण नसताना पसरला आणि अंग उगाच मोठं झालं का? यातलं एक असेल तर डायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल होतो), स्वतःच्या बॉक्समधे, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनात, असेल तर पेनल्टी. जवळून सणकून मारलेला चेंडू अंगाशी चिकटलेल्या हाताला लागला, तर खेळ चालू. हात मोजायचा तो काखेच्या खालच्या टोकापासून खाली. खांद्याला लागलं ते हॅन्ड नाही.

गजूभाऊ: यात गोलचं वेगळं हाये. ज्याच्या हाताले चुकून लागला त्यानंच लगेच गोल केला, तर गोल नाही. सोबत्याच्या हाताले चुकून लागला न् दुसऱ्यानं मारला, तर गोल धराचा.

मंगलाताई: मला बाजूच्या रेषेवरचा झेंडा देऊन राहिले म्हणे. ऑफसाइड काही डोक्यात बसत नाही जी.

गजूभाऊ: ताई, पास मारला त्या क्षणी पोरगा कुठं होता तेवढं पाहाचं. चेंडू पोहोचला तवा कुठं होता, ते नाही. त्या क्षणी तो समोरच्यायच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या पुढं आन् त्यायच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढं असन, तर ऑफसाइड जागी. गोलकीपर बी त्या दोघांत मोजाचा. बरोबरीत असला तर चालते. हात मोजाचे नाही. गोलकिक, थ्रो, कॉर्नरवरून थेट आला तर ऑफसाइड नसतेच.

पीटी सर: आणि त्या जागी नुसतं उभं राहणं गुन्हा नाही. तो चेंडूला खेळला किंवा समोरच्याला आडवा आला, तरच. नवे लोक नेमके इथं घाई करतात. पास सुटला की झेंडा वर, लगेच शिट्टी, आणि चेंडू मात्र मागून पळत आलेल्या दुसऱ्याच पोराकडे, जो ऑफसाइड नव्हताच. म्हणून दोन क्षण थांबा. उभं राहायचं शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत, तोंड मैदानाकडे, आडवं सरकत. शिट्टी झाल्यावर झेंड्यानं जागा दाखवायची : पलीकडची बाजू असेल तर तिरपा वर, मधात असेल तर आडवा, अलीकडची असेल तर तिरपा खाली.

मंगलाताई: एका दिवसात इतकं नाही जमत.

पीटी सर: मग ताई, तुम्ही फक्त चेंडू बाहेर गेला का तेवढं दाखवा, ऑफसाइड रेफ्री पाहील. पालकाच्या हाती झेंडा असला की हेच बरं. पण बाहेर म्हणजे पूर्ण चेंडू पूर्ण रेषेपलीकडे. चेंडू टेकतो ती जागा फक्कीच्या रेषेच्या दहा सेंटिमीटर बाहेर दिसली, तरी त्याची फुगीर बाजू अजून रेषेवर असते. खेळ चालू ठेवायचा. गोललाही हाच नियम.

बंटी: गोलकीपर चेंडू धरून बसला तर सहा सेकंद न?

गजूभाऊ: ते जुनं झालं. २०२५-२६ च्या नियमापासून आठ सेकंद, आन् शिक्षा इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाही) नाही, कॉर्नर. हातात पक्का ताबा आल्यावर मोजणी सुरू कराची. शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी दाखवाचे.

बंटी: अन् बॅकपास?

पीटी सर: सोबत्यानं पायानं मुद्दाम दिलेला पास गोलकीपरनं हातात घेतला, तर इनडायरेक्ट. डोक्यानं, छातीनं, गुडघ्यानं दिला तर घेऊ दे. डिफेंडरचा पाय चुकून चेंडू मागं गेला, तर वाजवू नको. इनडायरेक्टला स्वतःचा हात वर ठेवायचा, चेंडू दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत. हात वर करायचा विसरलास आणि चेंडू थेट गोलमधे गेला, तर किक पुन्हा घ्यावी लागते. मग दोन्हीकडचे तुझ्यावर येतात.

दादाजी: पोट्ट्यायले पानी देसान का नाही? ऊन पाहून राहिले का?

पीटी सर: देणार, दादाजी. पाण्यासाठी एक मिनिटापर्यंत. फारच तापलं तर कूलिंग ब्रेक, ९० सेकंद ते ३ मिनिटं. गेलेला वेळ त्याच हाफच्या शेवटी जोडायचा, म्हणून थांबवलेला वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा.

बंटी: दुखापतीसाठी थांबवला तर सुरू कसा कराचा?

पीटी सर: ड्रॉप बॉल, म्हणजे रेफ्रीनं चेंडू हातातून खाली टाकायचा. चेंडू कोणाकडे होता किंवा जाणार होता हे स्पष्ट असेल तर त्या संघाच्या, नाही तर शेवटी स्पर्श केलेल्या संघाच्या एका खेळाडूला द्यायचा, बाकी सगळे ४ मीटर लांब. बॉक्समधे थांबवला असेल तर गोलकीपरला. दोघांच्या मधात टाकायची पद्धत २०१९ मध्ये बंद झाली. आणि डोक्याला मार असेल तर वाट पाहू नको, लगेच थांबव.

गजूभाऊ: सामन्याआधी एकेकाचे हात-गळे पाहा. कडं, लॉकेट, बाळी, रबरी पट्टे, सारं काढाले लावा. वरून टेप गुंडाळली तरी चालत नाही. शिनगार्ड (नडगीवरची पट्टी) मोज्याच्या आतून पाहिजे. सातापेक्षा कमी पोट्टे असन तर अकराचा सामना सुरूच होत नाही.

मंगलाताई: गोलपोस्ट हलणारे आहेत हो. मुलं लटकतात त्यांना.

पीटी सर: मागच्या पाइपावर रेतीची पोती ठेवून बांधा, तोवर सामना नाही.

गजूभाऊ: आखणी सकाळी मी करतो. एका सुतळीले ९.१५, ११ आन् १६.५ मीटरवर गाठी मारून ठेवल्या की फ्री किकले समोर उभ्या राहणाऱ्या पोट्ट्यायच्या भिंतीचं अंतर, पेनल्टीचा ठिपका न् बॉक्स, तिन्ही मापं झटपट होतात.

पीटी सर: फक्कीच आण, कळीचा चुना नको. पोरं स्लाइड मारतात, डोळ्यात गेला की भाजतो.

गजूभाऊ: दोन पोती सांगून ठेवतो.